विश्लेषण : व्हिडीओ ‘प्रोफेशनल’ दिसतो म्हणजे नेमके काय? चांगल्या दिसण्यावर किती विश्वास ठेवायचा?

नोकरीसाठी अर्ज केला की काही दिवसांत ई-मेल येतो : ‘स्वतःची ओळख करून देणारा दोन मिनिटांचा व्हिडीओ पाठवा.’ शिक्षकांना धड्याचा व्हिडीओ करून पालकांच्या ग्रुपवर टाकावा लागतो. नवउद्योजकाला निधी मागताना आपली कल्पना कॅमेऱ्यासमोर मांडावी लागते. ग्रामपंचायतीचा उमेदवारसुद्धा पत्रक छापायच्या आधी रील काढतो. पूर्वी ज्यासाठी स्टुडिओ, कॅमेरामन आणि संकलक लागत, ते काम आता घरातल्या टेबलावर मोबाइल टेकवून होते.

पण असा व्हिडीओ करायला बसले की पहिला प्रश्न पडतो, तो ‘प्रोफेशनल’ दिसणार कसा? आणि समाजमाध्यमांवर दुसऱ्यांचे व्हिडीओ पाहताना त्याच्या उलट प्रश्न पडायला हवा : हा इतका सफाईदार दिसतो म्हणून खरा मानायचा का? हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

व्हिडीओ सादरीकरणाची मागणी का वाढली?

भारतात २०१६ नंतर मोबाइल डेटा झपाट्याने स्वस्त झाला आणि व्हिडीओ पाहणे ही रोजची सवय झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी अनेकांना व्हिडीओ करणेही भाग पडले. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. जिल्हा परिषदेच्या शाळांतील अनेक शिक्षकांनी स्टँड नसताना डब्यांच्या उतरंडीवर फोन ठेवून धडे चित्रित केले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यातून मुलांना ध्वनिफिती आणि व्हिडीओपर्यंत नेण्याच्या त्यांच्या प्रयोगाची त्यात दखल घेतली गेली होती.

टाळेबंदी संपली, पण व्हिडीओ मागण्याची सवय राहिली. नोकरभरतीत ‘एकतर्फी मुलाखत’ हा प्रकार रुळला. त्यात समोर मुलाखत घेणारा नसतो. पडद्यावर प्रश्न दिसतो, ठरावीक वेळात उत्तर रेकॉर्ड करायचे असते आणि निवड करणारा ते नंतर सवडीने पाहतो. म्हणजे व्हिडीओ करता येणे हे आता छंदापुरते उरलेले नाही. काही जणांसाठी नोकरीचे दार त्यावर उघडते किंवा बंद होते.

‘प्रोफेशनल’ म्हणजे महागडा कॅमेरा का?

नाही, आणि याला आधार आहे. ‘एडएक्स’ या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरील चार अभ्यासक्रमांचे ८६२ व्हिडीओ आणि ते पाहिले गेल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी तपासल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसले की, मोठा खर्च करून स्टुडिओत चित्रित केलेल्या व्याख्यानांपेक्षा आपल्या कामाच्या टेबलामागे बसून, समोरच्याशी गप्पा मारल्यासारखे बोलणारे शिक्षक विद्यार्थ्यांना जास्त वेळ धरून ठेवत होते. नुसत्या स्लाइड दाखवण्यापेक्षा हाताने लिहीत, आकृती काढत समजावणे अधिक परिणामकारक ठरले. आणि व्हिडीओ कितीही लांब असला, तरी विद्यार्थी साधारणपणे सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते.

याचा सरळ अर्थ असा की, ‘प्रोफेशनल’ ही छाप यंत्रापेक्षा तयारीतून पडते. गेल्या काही वर्षांतील बहुतेक मोबाइलचा कॅमेरा या कामाला पुरतो. कमी पडते ते वेगळेच काही. बहुतेक वेळा तो आवाज असतो.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा कसा?

चित्र थोडे धूसर असेल तर प्रेक्षक चालवून घेतो. आवाज घुमत असेल, खरखरत असेल तर तो पुढे सरकतो. एवढेच असते तरी ठीक होते, पण परिणाम याहून खोल जातो.

एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्झ या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शास्त्रज्ञांची तीच भाषणे आणि त्याच रेडिओ मुलाखती काही लोकांना स्वच्छ आवाजात, तर काहींना बिघडवलेल्या आवाजात ऐकवल्या. शब्द तेच, माणूस तोच. तरीही खराब आवाज ऐकणाऱ्यांना तो शास्त्रज्ञ कमी हुशार वाटला आणि त्याचे संशोधनही कमी महत्त्वाचे वाटले.

येल विद्यापीठातील ब्रायन शोल आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये याच धर्तीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हलक्या माइकमधून येतो तसा पत्र्यासारखा आवाज असेल, तर शब्द न् शब्द नीट कळत असूनही ऐकणारे बोलणाऱ्याला कमी बुद्धिमान, कमी विश्वासार्ह आणि नोकरीसाठी कमी लायक ठरवतात, असे त्यांना आढळले.

बोलणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. पडद्यावर आपण कसे दिसतो ते आपल्याला दिसत असते. आपला आवाज समोरच्याच्या कानात कसा पडतो, ते कधी कळत नाही. ऑनलाइन मुलाखतीत केस नीट केले, शर्ट इस्त्रीचा घातला, आणि नकार मात्र माइकमुळे आला, असे घडू शकते.

मग चांगला आवाज मिळवायचा कसा?

यामागचे विज्ञान सोपे आहे. तोंड आणि माइक यांतले अंतर दुप्पट केले की थेट पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश होते. भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनी मात्र तेवढाच राहतो. म्हणून चार-पाच फुटांवरच्या फोनचा माइक कितीही चांगला असला तरी आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. माइक हनुवटीपासून एक वीतभर अंतरावर आणणे हा सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त बदल आहे. कॉलरला लावायचा साधा तारेचा माइक त्यासाठी पुरतो. तोही नसेल तर दुसऱ्या फोनवर रेकॉर्डर सुरू करून तो खिशाच्या वरच्या बाजूला ठेवावा आणि नंतर तो आवाज चित्राला जोडावा. सुरुवातीला एक टाळी वाजवली की दोन्ही जुळवणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट खोलीची. फरशी, उघड्या भिंती आणि रिकामी जागा यांमुळे आवाज घुमतो. पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेले कपाट, दोरीवर टाकलेली गोधडी या गोष्टी प्रतिध्वनी शोषून घेतात. पंखा बंद ठेवावा, फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि कुकरच्या शिट्टीची वेळ टाळावी. मग दहा सेकंदांचे चाचणी रेकॉर्डिंग करून ते इअरफोन लावून ऐकावे. बहुतेक लोक इथेच चुकतात. पूर्ण व्हिडीओ झाल्यावर आवाज तपासतात आणि सगळे पुन्हा करायची वेळ येते.

प्रकाश आणि कॅमेऱ्याचे काय?

खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. पाठीमागे असली की कॅमेरा बाहेरच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमुळे डोळ्यांखाली सावल्या पडतात. समोरून, किंचित बाजूने येणारा उजेड चेहऱ्याला बरा.

रात्री चित्रण करताना एक खास अडचण येते. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात किंवा उजेड फडफडतो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ते डोळ्यांना जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० ऐवजी ५० हर्ट्झ निवडावे. मोबाइलमध्ये शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल तर तो एक सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवावा.

कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर असावा. लॅपटॉप मांडीवर ठेवला की प्रेक्षकाला नाकपुड्या आणि छताचा पंखा दिसतो. खाली चार जाड पुस्तके ठेवली की प्रश्न मिटतो. बोलताना पडद्यावरच्या स्वतःकडे न पाहता भिंगाकडे पाहावे, तरच समोरच्याला आपण त्याच्याशी बोलतो आहोत असे वाटते. बारीक चौकडी किंवा रेघांचा शर्ट टाळावा. पडद्यावर तो लहरींसारखा हलताना दिसतो. सादरीकरणासाठी फोन आडवा धरावा, रील किंवा शॉर्ट्ससाठी उभा. आणि मागच्या भिंतीवर, टेबलावर काय दिसते ते एकदा नीट पाहावे. बँकेचे पासबुक, आधार कार्डाची प्रत, मुलांच्या शाळेचे ओळखपत्र असे बरेच काही नकळत जगासमोर जाते.

झालेला व्हिडीओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. नेहमीसारखा पाठवला तर तो आकुंचित होऊन त्याचा दर्जा घसरतो.

बोलायचे काय आणि कसे?

पूर्ण मजकूर लिहून वाचला तर डोळे ओळींवरून फिरताना दिसतात आणि आवाज सपाट होतो. काहीच लिहिले नाही तर ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युली’ आणि ‘तर मी काय म्हणत होतो’ यांतच वेळ जातो. मधला मार्ग असा : पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ, मधले चार-पाच मुद्दे चिठ्ठीवर, आणि ती चिठ्ठी भिंगाच्या अगदी खाली चिकटवलेली.

मुख्य गोष्ट पहिल्या वीस सेकंदांत यावी. ‘नमस्कार, आज मी आपल्यासमोर एक विषय घेऊन आलो आहे’ या वाक्यातून प्रेक्षकाला काहीच मिळत नाही. स्लाइडवर जे लिहिले आहे तेच वाचून दाखवू नये. स्लाइडवर आकृती किंवा आकडा ठेवावा आणि स्पष्टीकरण तोंडाने द्यावे. बोलताना चुकले तर थांबावे, दोन सेकंद शांत राहावे आणि ते वाक्य पुन्हा सुरुवातीपासून म्हणावे. त्या शांततेवर कात्री लावणे सोपे जाते. मराठी उपशीर्षके आपोआप तयार करून घेतली असतील तर ती एकदा वाचून दुरुस्त करावीत. नावे आणि आकडे यांत हमखास चुका होतात.

घर लहान असेल तर?

वरचे सगळे सल्ले एक गोष्ट गृहीत धरतात : दहा मिनिटांची शांतता. चाळीतल्या एका खोलीत पाच माणसे राहत असतील, शेजारी पीठगिरणी असेल किंवा घर हमरस्त्याला लागून असेल तर ती शांतता विकत मिळत नाही. खराब आवाजामुळे बोलणारा कमी लायक वाटतो, हे वर आलेच. म्हणजे व्हिडीओतून उमेदवार निवडताना त्याच्या घराचीही नकळत परीक्षा घेतली जाते. निवड करणाऱ्याला मात्र वाटत असते की, आपण फक्त गुणवत्ता पाहिली.

यंत्रावर सोपवूनही हा प्रश्न सुटत नाही. ‘हायरव्ह्यू’ ही व्हिडीओ मुलाखतींची सेवा देणारी अमेरिकी कंपनी उमेदवाराच्या चेहऱ्याच्या हालचालींचे संगणकाकरवी विश्लेषण करत असे. टीका आणि तक्रारींनंतर हा भाग काढून टाकल्याचे कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात तर अशा व्हिडीओंच्या विश्लेषणासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची असल्यास उमेदवाराला आधी सांगून संमती घ्यावी लागते. तो कायदा जानेवारी २०२० पासून लागू आहे.

व्हिडीओ मागणाऱ्या संस्थांना सहज करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. चित्रणाच्या दर्जाला गुण नाहीत, हे आधीच लिहून सांगावे. पुन्हा रेकॉर्ड करण्याची मुभा द्यावी. शक्य असेल तिथे पहिली चाळणी उत्तरांचा लेखी मजकूर वाचून करावी. महाविद्यालये आणि ग्रंथालये एखादी शांत खोली ठरावीक वेळी विद्यार्थ्यांना यासाठी उघडून देऊ शकतात.

आणि उमेदवारांनीही घरपण दिसले म्हणून खचून जाऊ नये. मार्च २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील प्राध्यापक रॉबर्ट केली घरून बीबीसीला मुलाखत देत असताना त्यांची दोन लहान मुले खोलीत शिरली. तो व्हिडीओ जगभर पाहिला गेला. केली यांच्या अभ्यासाबद्दल कोणी शंका घेतली नाही. उलट लोकांना तो माणूस आपल्यातलाच वाटला.

सफाईदार व्हिडीओ म्हणजे खरा व्हिडीओ का?

आता नाण्याची दुसरी बाजू. चांगला प्रकाश, स्वच्छ आवाज, मागे पुस्तकांचे कपाट आणि आत्मविश्वासाने बोलणारा माणूस हे सारे स्वस्त झाले, ते प्रामाणिक माणसासाठी झाले तसेच ठगांसाठीही. एकेकाळी दूरचित्रवाणीवर दिसायचे तर स्टुडिओ, संपादक आणि खर्च यांची चाळणी पार करावी लागे. त्यामुळे ‘नीट दिसते म्हणजे कोणीतरी तपासले असेल’ हा अंदाज बऱ्याचदा बरोबर ठरायचा. आज तो अंदाज चुकतो, पण सवय जात नाही.

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करत असल्याचा व्हिडीओ फिरला. तो बनावट असल्याचे स्वतः सचिनला सांगावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांच्या बनावट व्हिडीओंबाबत लोकांना सावध केले. त्यांत ते गुंतवणुकीचा सल्ला देताना दाखवले होते. त्याच वर्षी ‘अरूप’ या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधील कर्मचाऱ्याची फसवणूक उघड झाली. व्हिडीओ बैठकीत त्याला आपले वरिष्ठ आणि सहकारी दिसत होते, प्रत्यक्षात ते सगळे चेहरे संगणकाने तयार केलेले होते. त्यात कंपनीचे सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले.

या तिन्ही घटनांत फसवणूक झाली ती चेहऱ्यावरच्या आणि सादरीकरणावरच्या विश्वासाची.

नियम काय सांगतात?

यूट्यूबने मार्च २०२४ पासून, खरा वाटेल असा पण कृत्रिमरीत्या तयार केलेला किंवा बदललेला मजकूर असेल तर तसे जाहीर करणे व्हिडीओ टाकणाऱ्यांना बंधनकारक केले. केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत केलेली दुरुस्ती २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाली. त्यानुसार कृत्रिमरीत्या तयार केलेल्या चित्र, आवाज आणि व्हिडीओंवर तसा ठळक उल्लेख असणे आवश्यक आहे आणि मोठ्या समाजमाध्यमांनी व्हिडीओ टाकणाऱ्याकडून त्याबाबत माहिती घ्यायची आहे.

घरी व्हिडीओ करणाऱ्यांनी यातली रेषा समजून घ्यावी. रंग सुधारणे, पाठीमागचा गोंगाट कमी करणे, फाइल लहान करणे यांसारखे नेहमीचे संस्कार, मूळ अर्थ बदलत नसेल तर, या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. मात्र न बोललेले वाक्य संगणकाकडून आपल्या किंवा दुसऱ्याच्या आवाजात म्हणवून घेणे हे वेगळे प्रकरण आहे. पंख्याचा आवाज काढणे ही सफाई झाली. न बोललेले शब्द घालणे ही घडवलेली गोष्ट झाली, आणि ती तशी सांगायला हवी.

मग आपण काय करायचे?

व्हिडीओ करणाऱ्याने आवाज, प्रकाश आणि तयारी यांवर मेहनत घ्यावी, कारण प्रेक्षक त्यावरून मत बनवतो, हे आवडो न आवडो, खरे आहे. पण त्यासोबत विश्वासाची दुसरी कारणेही द्यावीत : आपण कोण, ही माहिती कुठून आली, यात आपला आर्थिक हितसंबंध आहे का, चूक झाली तर दुरुस्ती कुठे दिसेल. कपाटातल्या पुस्तकांपेक्षा ही चार उत्तरे अधिक बोलतात.

पाहणाऱ्याने दोन्ही बाजूंनी सवय बदलायची आहे. सफाईदार व्हिडीओ पाहून पैसे पाठवण्याआधी, शेअर करण्याआधी ती व्यक्ती किंवा संस्था आपल्या अधिकृत पानावर तेच म्हणते आहे का, ते पाहायचे. ओळखीच्या माणसाने व्हिडीओ कॉलवर पैसे मागितले तर फोन ठेवून आपल्याकडे असलेल्या क्रमांकावर उलट फोन करायचा. आणि आवाज घुमतो, मागे भांडी वाजतात, मुलगी बोलताना अडखळते म्हणून व्हिडीओ पुढे ढकलण्याआधी एक मिनिट थांबून ती काय सांगते आहे, ते ऐकायचे. तिच्याकडे सांगण्यासारखे असेल, फक्त माइक नसेल.